नुसतं ठेवणं हीसुद्धा प्रक्रियाच!

यवतमाळात 'प्रोसेसिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जिनिंग. शेतातला कापूस यंत्रात जातो, सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते आणि रुईची गाठ बांधली जाते. आत गेलं ते एक, बाहेर आलं ते दुसरं. याला म्हणायचं प्रक्रिया! तोच कापूस भाव वाढायची वाट बघत घरातल्या खोलीत तीन महिने पडून राहिला, तर त्यावर प्रक्रिया झाली असं कुणी म्हणणार नाही.

आपण इंजिनिअरिंगवाले तर याबाबतीत आणखी पक्के. पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवताना फळ्यावर तीन चौकटी काढल्या जातात. इनपुट, प्रोसेस आणि आउटपुट. प्रोसेस म्हणजे फक्त मधली चौकट, बाकीच्या दोन म्हणजे यायचं दार आणि जायचं दार. परीक्षेत कुणी तिन्ही चौकटींना प्रोसेस लिहिलं तर मार्क जाणार हे नक्की.

पण मित्रहो, वैयक्तिक माहितीच्या कायद्यात मात्र तसं लिहिणाऱ्यालाच पूर्ण मार्क मिळतील! तिथं पहिली चौकट प्रोसेस, मधली प्रोसेस, शेवटची प्रोसेस, त्यांना जोडणारे बाण प्रोसेस आणि काम झाल्यावर सगळं पुसून टाकणं हीसुद्धा प्रोसेसच. कापूस खोलीत नुसता पडून आहे, तरीही!

वरवर पाहता हा वकिली शब्दांचा खेळ वाटेल. पण माझं स्पष्ट मत असं आहे की हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याने आणि हॉस्टेल चालवणाऱ्याने ही एवढी एक व्याख्या नीट समजून घेतली, तर अर्धा कायदा समजल्यासारखाच आहे. कारण 'मी तर काहीच केलं नाही, यादी फक्त पुढे पाठवली' हे आपलं सगळ्यांचं आवडतं उत्तर या व्याख्येने कायमचं बंद करून टाकलं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. व्याख्या तेव्हापासूनच लागू झाल्या. संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. म्हणजे तयारीला वेळ दिलेला आहे. आता तो आपण सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत ढकलायचा का, हा ज्याचा त्याचा प्रश्न!

या कायद्यात 'प्रक्रिया' या शब्दाखाली एक लांबलचक यादी दिली आहे. माहिती गोळा करणं, नोंदवणं, लावून ठेवणं, तिची रचना करणं, साठवणं, तिच्यात फेरफार करणं, हवी तेव्हा शोधून काढणं, वापरणं, दुसऱ्या माहितीशी जुळवणं किंवा जोडणं, सूची करणं, इतरांना देणं, पाठवून उघड करणं, पसरवणं किंवा कुठल्याही रीतीने उपलब्ध करून देणं, तिच्यावर मर्यादा घालणं, पुसणं आणि नष्ट करणं. बरं, एवढ्यावर यादी संपत नाही. 'यांसारख्या क्रिया' असा शब्द घालून दार उघडंच ठेवलं आहे. अट एकच. ही क्रिया पूर्णपणे किंवा निदान अंशतः आपोआप चालणाऱ्या डिजिटल साधनाने झालेली असावी. कॉम्प्युटर आला, मोबाइल आला, की अट पूर्ण झाली.

आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणजे तरी काय? जिच्यावरून किंवा जिच्या संदर्भाने माणूस ओळखता येतो, अशी त्या माणसाबद्दलची कुठलीही माहिती. ती गुपितच असली पाहिजे असं नाही. नाव नसलं तरी चालतं. 'खोली नंबर १४, खिडकीजवळची कॉट' एवढं म्हटलं तरी अख्ख्या विंगला कळतं की गोष्ट कुणाची चालली आहे. मग तीही वैयक्तिक माहितीच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दिग्रस तालुक्यातल्या एका मुलीने प्रवेशाच्या वेळी हॉस्टेलच्या फॉर्मवर आईचा मोबाइल नंबर लिहिला. ऑफिसमधल्या ताईंनी तो एक्सेल शीटमध्ये भरला, म्हणजे गोळा करणं आणि नोंदवणं झालं. शीट विंगप्रमाणे लावली, रचना झाली. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राहिली, साठवणं झालं. मुलीला ताप आला तेव्हा वॉर्डन मॅडमनी नंबर शोधून आईला फोन लावला, शोधणं आणि वापरणं झालं. मॅडम रजेवर गेल्या, जाताना शीट दुसऱ्या मॅडमच्या मोबाइलवर पाठवली, देणं झालं. पुढे मेसच्या थकबाकीचा हिशेब लावायला तीच शीट मेसच्या शीटला जोडली, जुळवणी झाली. मग थकबाकीदारांची यादी हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली आणि घाईत नंबरचा रकाना काढायचा राहून गेला. उघड करणं झालं, पसरवणंही झालं. चार वर्षांनी मुलगी पास होऊन पुण्याला नोकरीला लागली. आईचा नंबर मात्र ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जिथल्या तिथे, म्हणजे साठवणं चालूच आहे!

या सगळ्यात जिनिंगसारखी प्रक्रिया कुठे झाली? कुठेच नाही. नंबर जसा होता तसाच राहिला, त्यातला एक आकडासुद्धा बदलला नाही. कायद्याने जर फक्त मधली चौकट धरली असती, तर या साखळीतला प्रत्येक जण हात झटकून मोकळा झाला असता. ताई म्हणाल्या असत्या, मी फक्त टाइप केलं. मॅडम म्हणाल्या असत्या, मी फक्त पाठवलं. ग्रुपवर टाकणारा म्हणाला असता, मी फक्त फॉरवर्ड केलं. आणि त्या आईला रात्री-बेरात्री अनोळखी फोन यायला लागले, तर जबाबदार कोण? कुणीच नाही! म्हणून कायद्याने साखळीतली प्रत्येक कडी मोजली आहे.

लक्षात घ्या, प्रत्येक कडी मोजली म्हणजे प्रत्येक कडी गुन्हा ठरली असं नव्हे. आईचा नंबर घेतला तो अडीअडचणीला संपर्क व्हावा म्हणून. आजारपणात फोन लावणं हे त्याच कामात बसतं. आपण होऊन एखाद्या कामासाठी माहिती दिली असेल, तर त्या कामापुरता तिचा वापर कायद्याला मान्य आहे. थकबाकीच्या यादीबरोबर तो नंबर शे-दोनशे मोबाइलवर जाणं हे मात्र त्या कामात बसत नाही. प्रत्येक पायरीवर विचारायचा प्रश्न एकच आहे. 'ही माहिती ज्या कामासाठी घेतली, ते काम हेच का?'

इथे कायद्यातले दोन शब्द सांगायचा मोह आवरत नाही. ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीला कायदा म्हणतो 'डेटा प्रिन्सिपल'. म्हणजे इथे प्रिन्सिपल आपले प्राचार्य नव्हेत, प्रिन्सिपल तुम्ही! आणि माहिती कशासाठी व कशी वापरायची हे जो ठरवतो तो 'डेटा फिड्युशियरी'. फिड्युशियरीला मराठीत जवळचा शब्द विश्वस्त. देवस्थानचा विश्वस्त दागिन्यांचा मालक नसतो, राखणदार असतो. कॉलेज, हॉस्टेल यांचं नातं तुमच्या माहितीशी तसंच आहे. हिशेबाचं काम बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्याला दिलं, तरी जबाबदारी विश्वस्ताचीच राहते. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आकडा ऐकूनच आपल्या ऑफिसमधल्या जुन्या प्रिंटरला घाम फुटावा!

आता कुणी हुशार म्हणेल, "मग आपलं जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर बरं. कॉम्प्युटरच नको!" यात थोडं तथ्य आहे. आपला कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. गेटवरच्या वहीत मामांनी निळ्या पेनने लिहिलेली जाण्या-येण्याची वेळ, ती वही तिथेच राहिली तर, या कायद्यात येत नाही. युरोपचा कायदा याहून कडक आहे. तिथे ठराविक पद्धतीने लावून ठेवलेली कागदी फाइलही कायद्याच्या कक्षेत येते. पण आपल्याकडेही पळवाट फार लांब जात नाही. कागदावरची माहिती नंतर डिजिटल झाली, की कायदा लागू होतो. आणि आजकाल वही वहीतच राहते कुठे? कुणीतरी पानाचा फोटो काढतो, 'काल रात्री उशिरा आलेले' म्हणून ग्रुपवर टाकतो. मोबाइलचं बटण दाबलं त्या क्षणी ते पान कायद्यात आलं. तेव्हा रजिस्टर निर्दोष आहे, पण त्याच्यावर धरलेला मोबाइल नाही.

ही व्याख्या आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. तिचे शब्द युरोपच्या कायद्यातल्या शब्दांशी बरेचसे जुळतात आणि तिथे 'प्रक्रिया म्हणजे नक्की काय' यावर कोर्टात चांगली भांडणं झाली आहेत. स्वीडनमध्ये चर्चचं काम करणाऱ्या एका बाईंनी १९९८ च्या सुमारास घरच्या कॉम्प्युटरवर काही वेबपानं तयार केली. हेतू चांगला होता. धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांना माहिती मिळावी. त्या पानांवर त्यांनी आपल्या १८ सहकाऱ्यांबद्दल हलक्याफुलक्या भाषेत लिहिलं. एकीचा पाय दुखावल्यामुळे ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही लिहिलं. सहकाऱ्यांना विचारलं मात्र नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि ६ नोव्हेंबर २००३ रोजी निकाल आला. वेबपानावर माणसाचा नावाने किंवा इतर ओळखीने उल्लेख करणं हीच प्रक्रिया आहे. पायाच्या दुखापतीचा उल्लेख म्हणजे आरोग्याची माहिती. आणि कुणीही पाहू शकेल अशा ठिकाणी टाकलेली गोष्ट 'घरगुती' राहत नाही.

दुसरं प्रकरण गूगलचं. स्पेनमधल्या एका माणसाच्या जुन्या कर्जापायी मालमत्तेच्या लिलावाची जाहिरात १९९८ मध्ये वर्तमानपत्रात आली होती. कर्ज कधीच मिटलं, पण नाव शोधलं की जाहिरात वर यायचीच. गूगलचा युक्तिवाद आपल्या फॉरवर्डवाल्यासारखाच होता. दुसऱ्यांनी छापलेलं आम्ही फक्त शोधून दाखवतो! १३ मे २०१४ च्या निकालात न्यायालयाने हे मानलं नाही. शोधणं, सूची करणं, साठवणं आणि दाखवणं हीसुद्धा प्रक्रिया, मूळ मजकुरात काही बदल केला नसला तरी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका घरमालकाचं प्रकरण आलं. त्याने सुरक्षेसाठी घरावर कॅमेरा लावला, पण त्यात समोरचा सार्वजनिक रस्ताही टिपला जायचा. न्यायालय म्हणालं, हे निव्वळ घरगुती नाही, कायदा लागू. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत हे खरं. पण गेटवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतं, हा प्रश्न चेक प्रजासत्ताकात जेवढा खरा तेवढाच धामणगाव रोडवरही खरा आहे.

बरं, परदेश राहू द्या. आपल्याच जिल्ह्यात बघा. आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे गाव २०२५ च्या अखेरीस राज्यभर गाजलं. गावाची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत या ग्रामपंचायतीच्या नावावर जन्माच्या नोंदी झाल्या २७ हजारांहून जास्त! जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत गावाच्या नावाने कुणीतरी धडाधड नोंदी टाकल्या. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. यावर राजकारणाच्या अंगाने भरपूर बोलून झालं आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्यातून एवढंच उचलायचं आहे की 'नुसती नोंद करणं' ही किती मोठी गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखला हाच पुरावा धरायचा, असा बदल नोंदणीच्या कायद्यात झाला आहे. जिथे एक नोंद एवढं वजन पेलते, तिथे प्रणालीत शिरायची किल्ली, म्हणजे तो लॉगिन आणि पासवर्ड, कुणाच्या हातात आहे याला किती महत्त्व असेल! आणि आपल्याकडे? पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला अनेकांनी पाहिला असेल.

जुळवणीचंही तसंच. २०१७ मध्ये राज्याने दीड लाख रुपयांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले, त्यासाठी रांगा लावल्या. पण अर्जातली माहिती आणि बँकांनी दिलेली माहिती यांचा मेळ बसेना आणि त्यापायी काम रखडलं. नावातली एक वेलांटी, खात्याचा एक आकडा चुकला की माणूस यादीबाहेर! तेव्हा 'जुळवणं' ही किरकोळ कारकुनी नव्हे, तिच्यावर घरातली चूल अवलंबून असते. कायद्याने म्हणूनच माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्कही दिला आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हे सगळं सांगितलं की हमखास उत्तर येतं, "काहून बावा एवढं टेन्शन घेतं? नंबरच तर हाये! आणि लपवण्यासारखं आहे काय आपल्याजवळ?" ज्याच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही त्याला माझा नमस्कार. पण यादी एकट्या त्याची नसते. तीत त्याच्या शेजारच्या कॉटवरचाही असतो.

आपल्या हॉस्टेलांत डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता घेणारे विद्यार्थी असतात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी ही योजना आहे. म्हणजे लाभार्थ्यांची यादी नावासकट ग्रुपवर टाकली, तर कुणाचा बाप किती जमिनीचा मालक आहे, कुणाचा मजुरीला जातो, हे एका टचमध्ये सगळ्यांना कळलं. शिष्यवृत्तीच्या यादीतून जात कळते. वैद्यकीय रजेच्या यादीतून आजार कळतो. आणि सगळ्यात धोक्याचा असतो तो एक्सेल शीटच्या अगदी उजवीकडचा रकाना, ज्याचं नाव 'शेरा'. यवतमाळ जिल्ह्यात त्या रकान्यात काय लिहिलेलं असू शकतं, हे आपल्याला समजावून सांगायला नको. 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' हे दोन शब्द फी सवलतीच्या कामासाठी कुणीतरी लिहिलेले असतात. लिहिणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो. पण जो मुलगा वडिलांबद्दल रूम पार्टनरशीही बोललेला नाही, त्याला ते शब्द अडीचशे जणांच्या ग्रुपवर वाचावे लागले तर? त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही. एक शीट फक्त फॉरवर्ड झाली. आपल्या भाषेत 'काहीच झालं नाही'. कायद्याच्या भाषेत मात्र प्रक्रिया झाली आणि तिचा जाब विचारता येतो. मला ही व्याख्या पटते ती याचसाठी.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. 'प्रायव्हसी' हा शब्द काही जण ढाल म्हणून वापरायला टपलेलेच असतात. प्रवेशाची गुणवत्ता यादी लावायला सांगा, "प्रायव्हसी आहे." मेसच्या खर्चाचा हिशेब मागा, "प्रायव्हसी आहे." हे साफ चुकीचं. मेसने महिन्याला किती तूरडाळ घेतली ही डाळीची वैयक्तिक माहिती नव्हे! कायद्याच्या बंधनामुळे जी माहिती जाहीर करावी लागते, ती या कायद्यातून वगळली आहे. मात्र एका गोष्टीची मला काळजी वाटते. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाला. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येईल असं त्या कलमातच लिहिलेलं होतं, ते तिथून गेलं. जनहितासाठी माहिती देण्याची सर्वसाधारण तरतूद दुसरीकडे शिल्लक आहे, पण नकार देणं सोपं झालं हे खरं. केंद्राचा माहिती अधिकार २००५ चा, महाराष्ट्राने मात्र त्याआधीच आपला स्वतःचा कायदा केला होता. अशा राज्यात योजनेची लाभार्थी यादी मागणाऱ्याला 'वैयक्तिक' म्हणून परत पाठवलं गेलं, तर ते दुर्दैव ठरेल. म्हणून पुन्हा सांगतो. 'ही प्रक्रिया आहे' याचा अर्थ 'हे बंद करा' असा नाही. 'हे का करता ते सांगा आणि तेवढंच करा' असा आहे.

आणि आपण विद्यार्थी? आपल्याला वाटतं, कायदा कॉलेजसाठी आहे, आपण मोकळे. खासगी किंवा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने केलेली प्रक्रिया कायद्यातून वगळली आहे, हे खरं. तुमच्या मोबाइलमधले मित्रांचे नंबर, रात्री दोन वाजता मैत्रिणीशी केलेली चॅटिंग यात कायदा डोकावत नाही. पण क्लास रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून डिपार्टमेंटच्या सांगण्यावरून तुम्ही सगळ्यांचे जन्मदिनांक, आधार नंबर आणि प्रवर्ग गूगल शीटमध्ये भरून घेता, तेव्हा ते तुमचं घरगुती काम कसं? तेव्हा तुम्ही कॉलेजचा हात झालेले असता. आणि त्या शीटची लिंक 'ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो' अशी उघडी ठेवली, तर ती चूक कुणा हॅकरची नसते. गॅदरिंगच्या वेळी मुलींचे नंबर भरून घेतलेली शीट वर्षभर तशीच उघडी ठेवणाऱ्यांनी एकदा शांतपणे विचार करावा.

आधारची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली. तेव्हापासून झेरॉक्स देण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मागणाऱ्याने 'आधार' म्हणायच्या आत आपण दोन प्रती पुढे करतो. कशाला हवी, हे विचारतच नाही. विचारायला शिकलं पाहिजे. अर्थात नम्रपणे. "सर, हे कशासाठी लागणार आहे आणि नंतर याचं काय होणार?" असं विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

आता नुसता उपदेश नको म्हणून काही सूचना. हॉस्टेल कमिटीने आणि ऑफिसने त्यांचा विचार करावा.

पहिली गोष्ट, फॉर्म कमी करा. गाद्या-कॉट वाटायला जातीचा रकाना लागत नाही. जे कामाला लागत नाही ते मागूच नका. संमतीसुद्धा त्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते, असं कायदाच म्हणतो. दुसरी गोष्ट, ग्रुपवर यादी टाकायचीच असेल तर फक्त रोल नंबर टाका, आणि थकबाकी, शिष्यवृत्ती, आजारपण यांचे निरोप ज्याचे त्याला द्या. शीट पाठवण्याआधी उजवीकडचा 'शेरा' आणि लपवलेले रकाने तपासा. तिसरी गोष्ट, प्रत्येक शीटची शेवटची तारीख ठरवा. पास होऊन गेलेल्यांचं जे कायद्याने ठेवावंच लागतं ते ठेवा, बाकीचं पुसा. पुसणं हीसुद्धा प्रक्रिया आहे, तेव्हा काय पुसलं, कुणी पुसलं, कधी पुसलं याची एका ओळीची नोंद असू द्या. नाहीतर परीक्षा विभागाला हवं असलेलंच उडायचं! चौथी गोष्ट, पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे ठेवा आणि माणूस बदलला की तोही बदला.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती भाषेची. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय दिली पाहिजे, असं कायदा सांगतो. म्हणजे मराठीतून मागण्याचा आपला हक्क आहे. पहिल्या वर्षाला येणारे कितीतरी जण १७ वर्षांचे असतात. १८ वर्षांखालच्यांसाठी कायद्याने पालकांची खात्रीशीर संमती सांगितली आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती काही सूट आहे, पण ती तेवढ्यापुरतीच. मग ज्या आईबापांनी संमती द्यायची त्यांना कागद कळायला नको का? त्यातही आपल्या जिल्ह्यात झरी जामणी, केळापूर, मारेगाव या भागांतून कोलाम आणि गोंड घरांतली मुलं येतात. कोलामी आणि गोंडी या भाषा आठव्या अनुसूचीत नाहीत. कायद्याची २२ भाषांची यादी जिथे संपते, तिथे निदान समोर बसवून, त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा एक सीनियर तरी प्रवेशाच्या टेबलावर असावा. याला खर्च काहीच नाही.

मे २०२७ ची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या प्रवेशाचे फॉर्म छापायला जातील, त्याआधी हॉस्टेल कमिटीने एक दुपार काढावी. फॉर्म टेबलावर ठेवावा आणि एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारावं, हे कशाला, कुणाकडे जाणार, कधी पुसणार. ज्या रकान्याला तिन्ही उत्तरं मिळणार नाहीत, तो रकाना खोडावा. आणि तोपर्यंत आपण प्रत्येकाने आपापल्या मोबाइलमधल्या जुन्या याद्या उघडून पाहाव्यात. दोन वर्षांपूर्वीची ट्रिपची शीट, गॅदरिंगचे नंबर, कुणाकुणाच्या आधारचे फोटो. काम झालं असेल तर आजच पुसून टाका. बघा, पटतंय का!